पगार तीस, घरी पंचवीस

जून लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप हमखास येतो. रिकामटेकड्या पोरांना दोन वर्षं मिलिटरी शिस्तीत डोंगरावर ठेवा, झाडं लावून घ्या, म्हणजे पोरंही सुधारतील आणि डोंगरही. खाली पंधरा-वीस अंगठे, दोन-चार तिरंगे. गेल्या वर्षी एका काकूंनी विचारलं, "पण त्यांना जेवायला कोण घालणार?" आणि ग्रुप चिडीचूप.

काकूंनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. कारण हा प्रयोग एका देशाने खरोखर करून पाहिलेला आहे, तोही नऊ वर्षं आणि जवळजवळ तीस लाख पोरं घेऊन. १९३३ ते १९४२ या काळात अमेरिकेत 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर' नावाची योजना चालली. (लिहिताना 'कॉर्प्स', म्हणताना 'कोअर', इंग्रजीचं काय ते इंग्रजीलाच माहीत.) मराठीत नागरी संवर्धन दल म्हणता येईल, आपण नुसतं 'दल' म्हणू. अमेरिकेत आजही बेरोजगारी किंवा हवामानबदलाची चर्चा तापली की या दलाचं नाव निघतं. सप्टेंबर २०२३ मध्ये जो बायडेन यांनी त्याच धर्तीवर 'अमेरिकन क्लायमेट कोअर' जाहीर केलं. जानेवारी २०२५ मध्ये सत्तांतराबरोबर ते गुंडाळलंही गेलं. जुनं नऊ वर्षं चाललं आणि नव्याने दीड वर्षातच मान टाकली, असं का झालं? त्याचं बरंचसं उत्तर काकूंच्या प्रश्नातच आहे.

आधी मंदी म्हणजे काय ते बघू

आठवडी बाजाराचा दिवस डोळ्यांसमोर आणा. भाजीवालीने विकलं तर ती चपला घेणार, चपलावाल्याचा गल्ला भरला तर तो धान्य घेणार. समजा एके दिवशी सगळ्यांनीच हात आखडला. भाजी तशीच परत गेली, म्हणून चपला खपल्या नाहीत, म्हणून धान्य पडून राहिलं. पुढच्या आठवड्यात भाजीवाली निम्माच माल आणणार आणि हाताखालच्या पोराला घरी बसवणार. हेच चक्र अख्ख्या देशात उलटं फिरू लागलं की त्याला मंदी म्हणायचं. १९२९ साली न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत अमेरिकेतल्या दर चार कामगारांपैकी एक जण घरी बसला होता. सुमारे एक कोटी तीस लाख माणसं.

सगळ्यात वाईट हाल विशी-बाविशीच्या पोरांचे. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरीच नाही तर अनुभव कुठून येणार? घरात खाणारं एक तोंड कमी व्हावं म्हणून हजारो पोरं मालगाड्यांना लटकून गावोगाव भटकत होती.

जमिनीची अवस्थाही तशीच होती. डोंगर तोडून बोडके केलेले, उतारावरची शेतं पावसाने चिरत चाललेली. मधल्या मैदानी मुलखात गवत नांगरून गहू पेरला आणि दुष्काळात उघडी पडलेली माती वाऱ्यावर उडायला लागली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी भरदुपारी अंधार झाला, एवढी धूळ उठली होती.

फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले ते ४ मार्च १९३३ ला. हडसन नदीकाठच्या आपल्या वडिलोपार्जित जमिनीवर त्यांनी हौसेने हजारो झाडं लावली होती, त्यामुळे रिकामे हात आणि उघडी जमीन एकत्र आणायचं त्यांना सुचलं यात नवल नाही. नवल वाटतं ते वेगाचं. ३१ मार्चला कायद्यावर सही झाली, ७ एप्रिलला पहिला मुलगा भरती झाला आणि १७ एप्रिलला व्हर्जिनियातल्या लुरे गावाजवळच्या जंगलात पहिली छावणी उभी राहिली. जुलै उजाडेपर्यंत तेराशे छावण्यांमध्ये पावणेतीन लाख लोक होते. आपल्याकडे एवढ्या वेळात समितीच्या अध्यक्षांचं नाव ठरलं तरी मिळवली.

चार भावांचं लग्नघर

एवढी घाई जमली कशी? नवं खातं उघडण्याच्या भानगडीत रूझवेल्ट पडलेच नाहीत. लग्नघरात एक काका पत्रिका वाटतात, दुसरे मांडव आणि आचारी बघतात, तिसरे भटजी-विधी सांभाळतात, तसं त्यांनी असलेल्या खात्यांना कामं वाटून दिली. मुलं निवडायची कामगार खात्याने. त्यांना कपडे, तंबू, जेवण, औषध आणि पगार द्यायचा लष्कराने. दिवसभराचं काम काढायचं आणि करून घ्यायचं कृषी आणि अंतर्गत खात्यांनी, म्हणजे वनवाले आणि राष्ट्रीय उद्यानवाले. या सगळ्यांच्या वर एक संचालक, रॉबर्ट फेक्नर, मूळचे मशीन कामगारांच्या युनियनचे पुढारी. त्यांचीच निवड का झाली, ते पुढे येईल.

अट अशी: वय १८ ते २५, लग्न न झालेला, घर सरकारी मदतीच्या यादीत. भरती सहा महिन्यांची, फार तर दोन वर्षांपर्यंत वाढवून मिळणारी. वयाच्या मर्यादा पुढे दोन-तीनदा बदलल्या. शिवाय पहिल्या महायुद्धातल्या माजी सैनिकांसाठी आणि झाडकाम जाणणाऱ्या स्थानिक माणसांसाठी वेगळ्या जागा होत्या. माजी सैनिकांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९३२ साली बोनस मागायला राजधानीत आलेल्या सैनिकांना हूव्हर सरकारने फौज लावून हुसकावलं होतं. पुढच्या वर्षी ते परत आले तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट स्वतः त्यांच्या तळावर गेल्या, आणि बोनसऐवजी त्यांच्यापुढे दलातली भरती ठेवण्यात आली. बऱ्याच जणांनी ती घेतली.

मनीऑर्डर

आता पगार. महिन्याला ३० डॉलर, म्हणजे दिवसाला एक. त्यातले साधारण २५ डॉलर मुलाच्या हातात पडतच नसत. सरकार ते परस्पर त्याच्या घरी पाठवी. उरलेल्या पाचात त्याने छावणीच्या कँटीनमध्ये सिगारेट घ्यावी नाही तर शनिवारी गावात जाऊन सिनेमा बघावा.

गिरणगावात ज्यांचे आजोबा राहिले त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मुंबईत खाणावळीत जेवायचं, दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचं आणि पगार झाला की रत्नागिरीला मनीऑर्डर करायची. कोकणातली चूल त्या मनीऑर्डरीवर पेटायची. अमेरिकेतल्या छावणीत तेच झालं, फक्त पोस्टात जाणं मुलाच्या मर्जीवर सोडलं नव्हतं.

माझ्या मते या योजनेचं मर्म झाडात नसून या २५ डॉलरांत आहे. पोरगं डोंगरात खड्डे खणत असायचं आणि तिकडे त्याची आई वाण्याची उधारी फेडायची. वाण्याकडे पैसे आले की तो घाऊक व्यापाऱ्याकडून माल उचलायचा. थांबलेल्या बाजाराच्या चक्राला मिळालेला तो धक्का होता, आणि एका वेळी लाखो घरांतून मिळालेला. सप्टेंबर १९३५ मध्ये दल भरात होतं तेव्हा पाच लाखांवर लोक छावण्यांमध्ये होते. झाडं मोठी व्हायला तीस वर्षं लागतात, पण आईच्या हातात पैसे पुढच्या महिन्यात पडत होते.

छावणीतला एक दिवस

पहाटे सहाला बिगुल. छावणीत सुमारे दोनशे पोरं, आधी तंबूत, नंतर लाकडी बराकींत. अंगावर पहिल्या महायुद्धातले उरलेले लष्करी कपडे, कुणाला बाह्या लांब तर कुणाला विजार तोकडी. पोटभर नाश्ता झाला की फावडी-कुदळी घेऊन ट्रकमध्ये बसायचं. कामावर गेल्यावर लष्कराचा हुकूम संपायचा आणि वनखात्याच्या मुकादमाचा सुरू व्हायचा. दुपारी जंगलातच जेवण, चारला परत. संध्याकाळी झेंडा उतरवायचा, जेवायचं आणि मग ज्याला हवा त्याच्यासाठी वर्ग. या वर्गांत चाळीस हजारांहून जास्त पोरं पहिल्यांदा लिहायला-वाचायला शिकली. बाकीचे टायपिंग, सुतारकाम, ट्रक चालवणं शिकले.

झाड लावायचं म्हणजे दोघांची जोडी. एक जण चपट्या पात्याचं अवजार जमिनीत घुसवून मागेपुढे हलवणार, की फट पडली. दुसऱ्याच्या हातात बादली, तीत ओल्या मुळांची वीतभर रोपं. एक काढायचं, मुळं सरळ सोडायची, टाचेने माती दाबायची आणि दोन पावलं पुढे. परत फट, परत रोप. दिवसभर हेच.

डॉक्टर भरतीच्या वेळी वजन घेत आणि काही महिन्यांनी परत घेत. बहुतेकांचं पाच-पाच किलो वाढलेलं असायचं. ही पोरं काम करून दमत होती तरी अंगाने भरत होती, यावरून घरी काय खात असतील ते कळतं.

"झाडंच लावली ना?"

झाडं लावलीच, सुमारे तीन अब्ज. त्यातली ४८ कोटींहून जास्त एकट्या मिशिगन राज्यात, जिथे लाकूड कंपन्यांनी मागे खुंटांची मैदानं सोडली होती. तिथे आजही हमरस्त्याने जाताना लाल पाइनच्या सरळ रांगा दिसतात. निसर्ग कधी ओळीत पेरत नाही, त्यामुळे ही कुणाची करणी ते लगेच ओळखता येतं.

पण आपल्याकडच्या पाणलोटाच्या कामांशी ज्यांची ओळख आहे, त्यांना दलाचं दुसरं काम जास्त भावेल. विस्कॉन्सिन राज्यात कून व्हॅली नावाचं खोरं आहे. उतारावर वरून खाली सरळ नांगरट, गुरं डोंगरात मोकाट, त्यामुळे एका पावसात ओहोळ एवढा खोल व्हायचा की माणूस उभा बुडावा. १९३३ पासून इथे मृद्संधारणाचा देशातला पहिला खोरेभर प्रयोग झाला. चारशेहून जास्त शेतकऱ्यांनी करार केले आणि मजुरी दलाच्या पोरांनी पुरवली. त्यांनी घळींत दगड-लाकडाचे बांध घातले, डोंगरावर कुंपणं घालून गुरं बाहेर ठेवली. शेतं उताराला आडवी, समपातळीत पट्ट्यापट्ट्याने पेरायला लावली; एक पट्टा मक्याचा, एक गवताचा, म्हणजे मक्यातून सुटलेली माती गवतात अडते. आपण ताली आणि समतल चर म्हणतो त्याचेच हे भाऊबंद. विमानातून पाहिलं तर तिथली शेतं अजून वळणावळणाची दिसतात.

याशिवाय जंगलातले रस्ते, टेलिफोनच्या तारा, वणवा टेहळायचे मनोरे, आणि आठशेच्या आसपास राज्य उद्यानांतली कामं. डेन्व्हरजवळ लाल खडकांच्या कुशीत रेड रॉक्स नावाचं खुलं प्रेक्षागृह आहे, जिथे कार्यक्रम करणं आज जगभरच्या गायकांना मानाचं वाटतं. त्याच्या पायऱ्या १९३६ ते १९४१ या काळात या पोरांनी बसवल्या.

"दिवसाला एक डॉलर म्हणजे वेठबिगारीच"

हा आक्षेप तेव्हाच आला होता आणि तो हलका नव्हता. कामगार संघटनांचे नेते विल्यम ग्रीन म्हणाले की सरकारच डॉलरभर रोजाने माणसं राबवायला लागलं तर बाहेरची मजुरीही पडेल, आणि लष्कराच्या हाताखाली मजूर हे लक्षण फॅसिझमचं आहे. रूझवेल्ट यांनी वादात न शिरता युनियनचाच माणूस, फेक्नर, संचालक केला. विरोधाची धार तिथेच बोथट झाली.

मजुरीच्या प्रश्नाला खरं उत्तर मात्र कामाच्या निवडीत होतं. डोंगरावर झाडं लावायला कुठलाच कंत्राटदार माणसं ठेवत नव्हता, त्यामुळे पोरांनी कुणाचा रोजगार हिसकावला नाही. आणि ३० डॉलरांवर जेवण, कपडे, औषधपाणी वेगळं होतं. तरीही काम अंगमेहनतीचं आणि मोबदला बेताचा, हे नाकारण्यात अर्थ नाही. सक्ती मात्र नव्हती. अनेक पोरं मुदत संपायच्या आधीच पळून गेली, त्यांना फार तर नावावर लाल रेघ मिळाली, तुरुंग नाही.

"म्हणजे लष्करी छावण्याच की"

१९३३ साली हिटलरही सत्तेवर आला होता आणि जर्मनीतही तरुणांच्या श्रमछावण्या होत्या. साम्य दिसणारच. फरक असा की जर्मनीत १९३५ मध्ये ही सेवा सक्तीची झाली. अमेरिकेत दलाला बंदुका आणि कवायती यांपासून मुद्दाम दूर ठेवलं गेलं, अगदी युद्ध दाराशी येईपर्यंत.

तरी लष्कराला फायदा झालाच, फक्त वेगळ्या वाटेने. बिनहत्यारी पोरांकडून, लष्करी शिक्षेच्या धाकाशिवाय, काम करून घ्यायला अधिकारी शिकले. जॉर्ज मार्शल, जे पुढे दुसऱ्या महायुद्धात सेनाप्रमुख झाले, ते वॉशिंग्टन राज्यात अशा छावण्यांवर देखरेख करत होते. लष्कर आणि झाडं ही जोडी आपल्यालाही परकी नाही. प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण बटालियनमधले माजी सैनिक १९८२ पासून मसुरीजवळचे चुनखडीच्या खाणींनी खरवडलेले डोंगर हिरवे करत आले. पण ती पोक्त, पेन्शनीतली माणसं. अठरा वर्षांच्या भुकेल्या पोरांची छावणी हे वेगळं प्रकरण आहे.

दाराबाहेर कोण राहिलं

कायद्यात एक वाक्य होतं: वंश, वर्ण, धर्म यांवरून भेदभाव करायचा नाही. ते घालायला लावलं ऑस्कर डी प्रीस्ट यांनी, तेव्हाच्या काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या, एकुलत्या एक कृष्णवर्णीय सदस्याने. कागदावर अक्षर उमटलं, जमिनीवर नाही. जॉर्जियात सुरुवातीला कृष्णवर्णीय मुलांना निवडतच नव्हते. केंद्र सरकारने तुमची सगळीच भरती थांबवू असं दटावल्यावर थोडी नावं आली. दोन लाखांवर कृष्णवर्णीय तरुण दलातून गेले खरे, पण १९३५ मध्ये फेक्नर यांनी छावण्या पूर्ण वेगळ्या करायचा आदेश काढला. युनियनचा पुढारी, पण हा अन्याय त्याला अन्याय वाटला नाही.

मूळनिवासींसाठी वेगळा विभाग होता. त्यात ऐंशी हजारांवर माणसं होती, आणि तिथे वयाची किंवा लग्नाची अट नव्हती. बरेच जण आपल्या घरी राहूनच कामाला जात.

बायकांना प्रवेशच नव्हता. एलिनॉर रूझवेल्ट यांच्या आग्रहाने न्यूयॉर्कजवळ बेअर माउंटनला एक छावणी निघाली, पुढे आणखी काही. एकूण साडेआठ हजारांच्या आसपास बायका. तीस लाखांपुढे साडेआठ हजार. वर्तमानपत्रांनी दलाच्या इंग्रजी नावातल्या तीन 'सी'वर कोटी करून त्यांना 'शी-शी-शी' म्हणून हिणवलं.

जिथे फसलं

आल्डो लिओपोल्ड या वनतज्ज्ञाने या कामांवर स्वतः देखरेख केली होती आणि कून व्हॅलीतही त्यांचा सल्ला होता, म्हणून त्यांची टीका मोलाची. १९३४ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की एक टोळी ओढ्यात माशांसाठी बांध घालते आणि दुसरी शेजारचा काठ कापून रस्ता काढते, त्याच्या चिखलाने ओढा गढूळ. एक टोळी सहलीच्या जागी चुली बांधते आणि दुसरी आसपासचं सगळं सरपण 'साफसफाई' म्हणून जाळून टाकते. लग्नघरात काकांचं एकमेकांत बोलणं नसलं की असं होतं.

कुडझू नावाच्या जपानी वेलीची गत आणखी वाईट. दक्षिणेकडची माती धरायला मृद्संधारण खात्याने तिची कोट्यवधी रोपं वाटली आणि दलाच्या पोरांनी ती लावली. वेलीने माती धरलीच, पण विजेचे खांब, पडकी घरं आणि मोठी झाडंही धरली. सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली आपल्याकडे सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन अकेशिया कशी लावली गेली ते ज्यांनी पाहिलंय, त्यांनी फक्त मान डोलवावी.

आणि वणवा. हाताशी एवढी तरणी पोरं असल्यामुळे वनखात्याने १९३५ मध्ये ठरवलं की कुठलीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची. ऑगस्ट १९३७ मध्ये वायोमिंगमधल्या ब्लॅकवॉटरच्या वणव्यात वारा फिरला आणि १५ जण गेले, बहुतेक दलातले. दुसरी किंमत उशिरा कळली. लहान आगी कधी लागूच दिल्या नाहीत, म्हणून पालापाचोळा आणि वाळकी झुडपं साठत गेली. आपल्याकडे वनरक्षक उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात, थोडं जाळून बाकीचं वाचवायला. ते शहाणपण विसरल्याचं बिल पश्चिम अमेरिका आजही भरते आहे.

बंद का पडलं, आणि परत का येत नाही

बंद पडलं ते यशापयशामुळे नाही. दुसऱ्या महायुद्धाने कारखाने धडधडायला लागले, पोरं सैन्यात गेली आणि जून १९४२ अखेर काँग्रेसने पैसे देणं थांबवलं. मागणीच उरली नाही.

नंतर छोटी भावंडं झाली. १९७६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने स्वतःचं दल काढलं, ते अजून चालू आहे. तिथे मुलीही असतात, आणि घोषवाक्यच असं की काम कष्टाचं, पगार थोडा, हाल भरपूर. पण राष्ट्रीय पातळीवर ती गोष्ट पुन्हा जमली नाही. बायडेन यांच्या क्लायमेट कोअरला काँग्रेसने वेगळा पैसाच दिला नाही. आधीपासूनच्या योजना एका पाटीखाली आणल्या गेल्या आणि पाटी उतरवणं सोपं झालं. रूझवेल्ट यांच्या दलाची पाटी उतरवायची तर लाखो घरांचा चेक थांबवावा लागला असता.

आपल्याकडची उलटी मनीऑर्डर

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली, लाल मिलो खाल्लेली, सुकडीच्या रांगेत उभी राहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती, त्यात बायका मोठ्या संख्येने. रोजगार हमीची कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची. तिचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ चा केंद्राचा कायदा त्याच वाटेने आला. अमेरिकेच्या दलात वयाची, लिंगाची, घरदार सोडून जाण्याची अट होती. हमीच्या कामावर गावातला कुणीही प्रौढ जाऊ शकतो, आणि काम मागणं हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. माझ्या लेखी हे पाऊल रूझवेल्ट यांच्या पुढचं आहे. मात्र छावणी नाही, म्हणून संध्याकाळचे वर्गही नाहीत, आणि मस्टरवरची नावं व बँकेत पडणारा पैसा यांत कधी कधी महिने जातात. पंचवीस डॉलर उशिरा गेले असते तर ते दलही पहिल्या हिवाळ्यात मोडलं असतं.

राहिला काकूंचा प्रश्न, पैसा कुणाचा. पागे यांच्या योजनेला पैसा लागणार म्हणून १९७५ मध्ये महाराष्ट्राने शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर एक कर बसवला. गिरणी कामगार घरी पैसे पाठवायचा, तसेच शहराने खेड्याला पाठवायचे, फक्त कायद्याने. तो कर अजून आहे. पगाराची स्लिप काढून बघा, कपातीच्या रकान्यात 'पीटी' (प्रोफेशन टॅक्स) म्हणून दोनशे रुपये असतील, फेब्रुवारीत तीनशे.